जन्म : पांढरकवडा

यवतमाळ म्हटलं की आपल्याला ठरावीक बातम्या आठवतात. त्या सोडून काही सापडतं का ते बघायला निघाले, तेव्हा हाताशी फक्त एका बायोडेटाची पहिली ओळ होती.

सुरुवात झाली नरिमन पॉइंटला. एनसीपीएमध्ये रुमानियाच्या एका चेलोवादक बाईंची मैफल होती आणि खरं सांगायचं तर पास फुकट मिळाला होता म्हणून मी गेले. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड भाऊ. दोन गुडघ्यांच्या मध्ये धरायचा, गज फिरवायचा, की आवाज थेट पोटात उतरतो. इंटरव्हलमध्ये सगळे सँडविचच्या रांगेत आणि मी माहितीपत्रक वाचत बसलेली. सोलो कलाकाराचा बायोडेटा जगभर सारखाच असतो बहुतेक. अमुक गावी जन्म, सहाव्या वर्षी वाद्य हातात, मग राजधानीतली कॉन्झर्व्हेटरी, मग स्पर्धा, मग ऑर्केस्ट्रांची आणि देशांची लांबलचक यादी. आयुष्य एका पानात. मी मात्र पहिल्या ओळीतच अडकले. बाईंच्या जन्मगावाचं नाव मला धड वाचताही येईना.

घरी येऊन सहज आपल्याकडच्या एका बायोडेटाची पहिली ओळ शोधली. कॉलेजपासून ज्यांचं गाणं ऐकतेय, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा ऐकलंय, त्या पंडित उल्हास कशाळकरांची. जन्म : १४ जानेवारी १९५५, पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ.

‘पांढरकवडा? ते वाघीणवालं?’ दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘टी-१’ ऊर्फ अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली ती पांढरकवडा वनविभागात, आणि त्या आठवड्यात हे नाव दिल्लीपर्यंतच्या चॅनेलवाल्यांनी वेडंवाकडं उच्चारलं. उरलेलं यवतमाळ म्हणजे कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. मी स्वतः या जिल्ह्यात आधी दोनदा आलेली, दोन्ही वेळा त्याच स्टोरीसाठी. प्रश्न ठरलेले, फोटोची फ्रेम ठरलेली. कर्ज किती, बोअर लागली का, मुलं किती. दुसऱ्या वेळी एका घरातून निघताना तिथल्या आजींनी मला विचारलं होतं, ‘तुमी लोकं कोनी मेल्यावरच येता का वो?’ त्याचं उत्तर मी तेव्हाही दिलं नव्हतं.

म्हणून या वेळी कुणीही पाठवलेलं नसताना गेले.

मुंबईहून यवतमाळला जायचं तर रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरून सकाळी धामणगावला उतरायचं आणि एसटी पकडायची. यवतमाळला रेल्वे नाही असं नाही, स्टेशन आहे. शकुंतलेचं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन इंग्रज कंपनीने इथला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली, १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं तिची मालकी त्या खासगी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे. मी संध्याकाळी तिथे गेले तेव्हा रुळांच्या मधल्या गवतात दोन बकऱ्या चरत होत्या आणि चार पोरं क्रिकेट खेळत होती. अडीच फुटांचे रूळ, अगदी खेळण्यातले वाटतात.

याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापुरात, १९२० मध्ये वसंतराव देशपांडे जन्मले. राहुल देशपांडेचा ‘मी वसंतराव’ २०२२ मध्ये आला तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एवढा गळा, आणि वर्षानुवर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. हे इथे सांगायचं कारण, की विदर्भातल्या गाण्याची गोष्ट काढली की नोकरीची गोष्ट मागून येतेच. कशाळकरांच्या बायोडेटातही ती आहे. त्यावर येते.

यवतमाळहून पांढरकवडा साधारण सत्तर किलोमीटर. सकाळची एसटी, खिडकीची काच अर्धी उघडी अडकलेली, थंडी मस्त बोचणारी. डिसेंबरातला हा रस्ता पाहायला हवाच. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे आपल्या भाषेत कपाशी. बोंडं फुटलेली, शेतात बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला लागलेल्या. मध्येच सागाचं जंगल सुरू होतं, संपतं, पुन्हा सुरू होतं. जिनिंगच्या वाटेवर कापसाने उरापर्यंत भरलेले ट्रक. त्यातून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकलेला असतो. दहा-पंधरा मिनिटं मी फोनला हात लावला नाही, यावरून काय ते समजा.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं गाव. जुना ७ नंबरचा हायवे, आता ४४. पुढे पाटणबोरी आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. स्टँडवर त्यामुळे कानावर वऱ्हाडी पडते, तेलुगू पडते, हिंदी तर असतेच, आणि आसपासच्या पोडांतून बाजाराला आलेल्या लोकांची कोलामी नि गोंडी. मला यातलं निम्मं कळत नव्हतं, पण ऐकायला जाम मजा येत होती. एकाच बाकावर चार लयी. अशा गावात वाढणाऱ्या पोराच्या कानाला काय काय मिळत असेल, असं मनात आलं. मग स्वतःलाच दटावलं. हे असं आपण मोठ्या माणसाच्या गावाला गेल्यावर उगाच करतो. मोठा झाला म्हणून आता त्याच्या गावच्या एसटी स्टँडलाही सूर चिकटवायचे.

माहीत असलेली गोष्ट जास्त साधी आहे. वडील, ॲडव्होकेट एन. डी. कशाळकर, पेशाने वकील. गाणं हा त्यांचा पेशा नव्हे, नाद. गायचे आणि गाण्याचा अभ्यासही करायचे. मुलांची पहिली तालीम त्यांच्याकडेच. आणि मुलं म्हणजे एकटे उल्हास नव्हेत. अरुण कशाळकर, विकास कशाळकर आणि उल्हास कशाळकर असे तिघे भाऊ, तिघेही ख्यालगायक. अरुणजी तर ‘रसदास’ या नावाने बंदिशी बांधणारे. म्हणजे बघा, घराण्याचा वारसा नाही, दरबार नाही, मुंबई-पुणं जवळ नाही. एक वकील आणि त्यांची मुलं.

म्हणून मी कोर्टाकडे गेले. दुसरं कुठे जायचं तेच सुचेना. त्यांचं घर शोधत फिरणं बरं वाटत नव्हतं आणि मी फिरले तेवढ्या भागात त्यांच्या नावाची पाटी काही दिसली नाही. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्ज लिहून देणारे एक काका बसले होते. सत्तरीचे असतील, स्वेटरच्या आत पांढरा शर्ट, समोर टाइपरायटर, तोही अजून चालणारा.

‘वाघ पाह्याले आल्या काय?’ त्यांनी विचारलं. टिपेश्वर अभयारण्य इथून जवळच, त्यामुळे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला हाच प्रश्न.

‘नाही काका, गाण्यासाठी आलेय.’

‘गान्यासाठी? पांढरकवड्याले?’ टाइपरायटर थांबला. मी नाव सांगितलं. ‘कशाळकर... वकील होते एक त्या नावाचे. पोरगं गवई झालं म्हन्तात.’

मी फोन काढला आणि यूट्यूबवरचा संपूर्ण मालकंस लावला. कोर्टाबाहेर, भर सकाळी अकराला, मध्यरात्रीचा राग. जाणकारांनी माफ करावं. नेहमीच्या मालकंसात पाचच सूर, रिषभ आणि पंचम वर्ज्य. संपूर्ण मालकंसात तेही दोन सूर येतात, आणि येऊनसुद्धा मालकंस मालकंसच राहिला पाहिजे. भरल्या घरात दोन नवे पाहुणे यावेत आणि घरातल्या कुणाची जागा हलू नये, तसं काहीतरी. कशाळकर पंचमावर येतात तेव्हा तो आल्याचं आधी कळतच नाही, मग दोन सेकंदांनी अंगावर काटा येतो.

काकांनी फोन कानाशी धरला. मागे कापसाच्या ट्रकचा हॉर्न. बराच वेळ ऐकून म्हणाले, ‘घाई नाही हो या मानसाले.’

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा हे वाक्य बरोबर आहे.

घाई खरोखरच नाही. मी काही दिवसांपूर्वीच अठ्ठावीस पूर्ण केली, त्यामुळे हिशेब माझ्या वयाशी लावून बघितला. वडिलांनंतर नागपूर. तिथे राजाभाऊ कोगजे आणि प्रभाकरराव खर्डेनवीस यांच्याकडे शिक्षण, नागपूर विद्यापीठाचं संगीतातलं एमए, त्यात पहिला नंबर. आपल्या हिशेबाने इथे कॅम्पस प्लेसमेंट व्हायला हवं. इथे खरी तालीम सुरू झाली. पुढचे गुरू दोन आणि दोघेही सेंट्रल लाइनवरचे! ठाण्याला पंडित राम मराठे, डोंबिवलीला गजाननबुवा जोशी.

राममामा म्हणजे ‘मंदारमाला’चे संगीतकार, लहानपणी प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये पडद्यावर दिसलेले, नाटक आणि मैफल दोन्हीकडे फटाके उडवणारे गायक. गजाननबुवांची तऱ्हा निराळी. १९११ चा जन्म, वडील अंतुबुवा जोशी औंध दरबारचे गवई आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बुवा ग्वाल्हेरची तालीम घरातच शिकले, आग्र्याची विलायत हुसेन खाँसाहेबांकडे, जयपूरची भूर्जी खाँसाहेबांकडे. आणि गळ्याच्या जोडीला हातात व्हायोलिन. तेही गाण्याच्या अंगाने वाजवलेलं, म्हणजे गळ्यातून जे येतं तेच गजातून. एनसीपीएतल्या त्या चेलोवाल्या बाई मला इथे परत आठवल्या. गजाने वाजवणाऱ्याला सूर मध्ये तोडता येत नाही, सूर कुठे बारीक झाला ते लपवता येत नाही. बुवांकडे शिकलेल्यांच्या आवाजात मला तो न तुटणारा धागा ऐकू येतो. हे माझं मत, पुरावा नाही. वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर आणि हे कशाळकर बंधू पाठोपाठ ऐका आणि ठरवा.

तीन घराणी एका गळ्यात म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. ढोबळ सांगते. ग्वाल्हेर म्हणजे बंदिश स्वच्छ मांडायची, स्थायी-अंतरा नीट भरायचा, तान सरळ आणि मोकळी. आग्रा म्हणजे नोमतोम, शब्दांशी आणि लयीशी झटापट, समेवर येताना दंगा. जयपूर म्हणजे संथ तीनताल, वळणावळणाची तान आणि अनवट, जोड राग. हौशी माणूस तिन्ही गायला गेला की भेळ होते. कशाळकर राग बघून घराणं बदलतात. बसंती केदार काढला की जयपूरचे होतात, छोटा ख्याल लयीत खेळायला घेतला की आग्रा डोकावतो, आणि त्याचा सांधा कुठे दिसत नाही. तबल्यावर सुरेश तळवलकर असतील तर बघायलाच नको. दोघं एकमेकांना अडवत नाहीत, फक्त रस्ता सुचवतात.

आता नोकरी. १९८३ मध्ये, म्हणजे नेमक्या माझ्याच वयात, कशाळकर आकाशवाणीवर प्रोग्राम एक्झिक्युटिव्ह झाले. फायली, रेकॉर्डिंगची शेड्युलं, दुसऱ्यांची गाणी वेळेत प्रसारित करणं. सात वर्षं. त्याच काळात गजाननबुवांकडची तालीम. बुवा १९८७ मध्ये गेले, राममामा १९८९ मध्ये. म्हणजे बत्तिशीपर्यंत हा माणूस कुणाचा तरी विद्यार्थी होता. ऑफिस सुटल्यावर सेंट्रल लाइनची गर्दी आणि त्यानंतर तानपुरा, हे चित्र मी मनाने रंगवतेय, पण ते फार चुकीचं असेल असं वाटत नाही. आपण सहा वाजता लॉगआउट करून म्हणतो, आज एनर्जीच नाही यार.

१९९३ मध्ये ते कोलकात्याला गेले, टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत. शिकायला नव्हे, गुरू म्हणून, तेही अडतिसाव्या वर्षी. ही अकादमी १९७७ मध्ये सुरू झाली. गुरूने तिथेच राहायचं आणि निवडलेल्या मोजक्या शिष्यांना घडवायचं, खर्च कंपनीचा. अजय चक्रवर्ती, राशिद खाँ इथूनच पुढे आले. कशाळकरांकडे इथे शिकलेल्यांत शशांक मक्तेदार आहेत, ओंकार दादरकर आहेत. मराठी ख्यालाची तीन घराणी बंगालमध्ये, सिगरेट कंपनीच्या पैशावर! हसू नका. अंतुबुवांना औंधच्या संस्थानाने पोसलं, संस्थानं गेल्यावर आकाशवाणीने कलावंतांना पगार दिला, आकाशवाणीनंतर कॉर्पोरेट आलं. एकट्याने गाणाऱ्या माणसामागे कुणीतरी पगारपत्रक घेऊन उभं असावं लागतं. पांढरकवड्यात तो कुणीतरी म्हणजे वकिलीचं उत्पन्न असलेले वडील होते.

पुढे संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री. तेव्हा वय पंचावन्न.

रुमानियातली गोष्ट याच्या अगदी उलट धावते. त्यांचा सगळ्यात मोठा संगीतकार जॉर्जे एनेस्कू १८८१ मध्ये लिवेनी नावाच्या खेड्यात जन्मला आणि सातव्या वर्षी व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. व्हायोलिन हे त्याचं मुख्य वाद्य, पण पियानो, चेलोही वाजवायचा. सोळाव्या वर्षी पॅरिसमध्ये त्याची ऑर्केस्ट्रासाठीची रचना वाजली आणि तो गाजला. यहुदी मेन्युहिन त्याचा शिष्य. तोच मेन्युहिन, जो १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून आपल्याकडे आला आणि पुढे रविशंकरांबरोबर वाजवू लागला. एनेस्कूच्या खेड्याला आज एनेस्कूचंच नाव आहे. पांढरकवड्याचं नाव बदला असं मी म्हणत नाहीये. तो उद्योग आपल्याकडे आधीच जोरात आहे. पण नागपूरला जाणाऱ्या पोराला निदान कळावं, की याच स्टँडवरून आधी कुणी गेलंय.

बाहेर जाण्याचं म्हणाल तर इथला आणखी एक रहिवासी फेमस आहे. टिपेश्वरातला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये घर सोडून निघाला आणि शेतं, हायवे, तेलंगणातली जंगलं पार करत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अर्जवाल्या काकांनी हे मला अभिमानाने सांगितलं, जणू वाघाचा जातीचा दाखला त्यांनीच टाइप केला होता. तरुण वाघाला जागा पुरत नाही, म्हणून तो निघतो. गायकाचंही तेच असावं असं वाटून मी विचारलं, आता इथे कुणी गाणं शिकतं का?

‘माही नात शिकते. पेटी.’ मग जरा थांबून, ‘मास्तर पुन्याचे. मोबाइलवर शिकवतात. रेंज गेली का सा जातो.’

नात शाळेत होती, भेटली नाही. पण चार वाजता तिचा क्लास, तेव्हा शेजारच्या कापड दुकानाच्या वाय-फायवर ती दुकानाच्या पायरीवर बसून गाते, आणि दुकानदार तेवढा वेळ टीव्ही म्यूट करतो, हे काकांनी सांगितलं. दुकानदाराला गाण्यातलं काही कळत नाही म्हणे. आपल्याला थांबायला वेळ नव्हता, हे मी लिहून टाकते, कारण त्याची चुटपुट अजून आहे. यवतमाळची शेवटची सोयीची गाडी गाठायची होती, रात्रीचं रिझर्व्हेशन होतं. आत्महत्येच्या स्टोरीला मी अख्खा दिवस एका घरात बसले होते. इथे एका मुलीचा सा ऐकायला मला चार वाजेपर्यंत थांबवलं नाही.

निघताना काकांनी मालकंसाची लिंक मागितली. त्यांचा फोन साधा, बटणांचा. मग नातीच्या आईचा नंबर दिला, त्यावर पाठवली. एसटी करंजीच्या अलीकडे असताना दोन निळ्या टिक्स आल्या.

जाणार असाल तर : नागपूरहून हायवेने दीडशे किलोमीटर, जाम-हिंगणघाट मार्गे. मुंबईहून ट्रेनने धामणगाव आणि पुढे यवतमाळमार्गे एसटी. टिपेश्वरची सफारी आधी बुक करा, पावसाळ्यात चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. केळापूरचं जगदंबेचं देऊळ गावाला लागूनच आहे. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर वेचणी चालू असेल. हेडफोन न्या. आणि परतीची गाडी संध्याकाळची घ्या, चारच्या नंतरची.